वाऱ्याशी बत्तीस वर्षं

या रे, बसा जवळ. मघाशी हा धाकटा सायकलवरून धापा टाकत आला आणि म्हणाला, "आजोबा, समोरून वारा होता, सायकल पुढे सरकेचना." तेव्हाच ठरवलं, आज गोष्ट वाऱ्याची. आणि त्या वाऱ्याशी बत्तीस वर्षं झुंजलेल्या एका बाईची.

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला वजनच नाही असं समजू नका. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात मावेल एवढी हवा सव्वा किलोच्या आसपास भरते. ताशी ४५ किलोमीटरने सायकल हाकणारा माणूस सेकंदाला साडेबारा मीटर पुढे जातो. तो कितीही वाकून बसला, तरी त्याला दर सेकंदाला पाच-सहा किलो हवेतून वाट काढावी लागते. हे तासभर करायचं! आणि वेग दुप्पट केला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. पायांना लागणारी ताकद तर आठपट. सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक सगळी मेहनत हवाच खाऊन टाकते.

ही गोष्ट झानी लाँगोइतकी फार थोड्यांना कळली असेल. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी, तळ्याकाठी आन्सी नावाचं गाव आहे, तिथे १९५८ साली ती जन्मली. आधी ती बर्फावर घसरत उतरणारी, स्कीइंग करणारी मुलगी होती. बर्फाच्या उतारावरून सुटलेला माणूस गुडघ्यांत वाकून, कोपरं आत घेऊन अंग चोरतो ना, तेही याच हवेसाठी. पुढे ती सायकलकडे वळली आणि १९७९ साली, विशीतच, फ्रान्सची रस्त्यावरची विजेती झाली.

बायकांची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. झानी तिथे होती. शेवटाजवळ दुसऱ्या सायकलीशी धडक झाली आणि ती सहावी आली. १९९२ साली बार्सिलोनाला तर काळजाला घरं पडावीत असं झालं. तिने रेषा ओलांडली ती आपणच जिंकलो या समजुतीने, पण ऑस्ट्रेलियाची कॅथी वॅट एकटीच पुढे निसटून केव्हाच पोहोचली होती. असं एकटीने निसटणं का अवघड, सांगू? घोळक्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललं की पुढचा हवा फोडतो आणि मागच्याची जवळजवळ तिसरा हिस्सा मेहनत वाचते. एकट्याला सगळी हवा स्वतःच फोडावी लागते. चार वर्षांनी अटलांटाला भर पावसात झानीनेही तेच केलं. बाकीच्यांना मागे टाकून एकटी पुढे गेली आणि सुवर्ण जिंकलं. वय ३७.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिचा तासाचा विक्रम. गोल धावपट्टीवर एकटीने एक तास सायकल चालवायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं, एवढंच. १९९६ साली ती त्यासाठी मेक्सिको सिटीला गेली. तिथेच का? ते शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. तिथली हवा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ, म्हणून फोडायला सोपी. पण विरळ हवेत प्राणवायूही तितकाच कमी! म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. तरीही सौदा फायद्याचाच, कारण तिथल्या हवेत रुळलेल्या शरीराची ताकद घटते त्याहून हवेचा अडथळा जास्त घटतो. हवेला चुकवणाऱ्या खास सायकलवर तिने त्या तासात ४८.१५९ किलोमीटर कापले.

आता इथे कान द्या. पुढे नियम बदलले. जुन्या धाटणीची, वाकड्या हँडलची साधी सायकलच हवी, असं ठरलं. २००० साली झानी पुन्हा मेक्सिको सिटीलाच गेली. या वेळी अंतर भरलं ४५.०९४ किलोमीटर. तीन किलोमीटर गेले कुठे? चार वर्षांनी वय वाढलं होतं हे खरं, पण मोठा वाटा हवेचा. साध्या सायकलवर तो जुना वेग गाठायचा तर पायांत वीस-बावीस टक्के जास्त ताकद लागली असती. ती ताकद अंग आवरून आणि सायकलचा आकार बदलून वाचवलेली होती. प्रयोगशाळेतसुद्धा इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच होतो.

सगळंच लखलखीत होतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. १९८७ साली तपासणीत इफेड्रिन हे उत्तेजक सापडलं आणि तिला महिनाभराची बंदी सोसावी लागली. तेही गोष्टीतलंच आहे.

आता शरीराचं नवल ऐका. तिशीनंतर माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरत जाते. हृदयाचा सर्वांत जलद ठोकाही मंदावतो, त्याला कुणीच अडवू शकत नाही. मात्र जो सराव सोडत नाही त्याची घसरण बरीच हळू होते. झटक्यात जोर लावणारे स्नायूंचे धागे वयाबरोबर आधी झिजतात, तासन् तास चिवटपणे राबणारे उशिरापर्यंत टिकतात. झानीच्या शर्यती या चिवट धाग्यांच्या.

२००८ साली बीजिंगला, आपल्या सातव्या ऑलिंपिकला, ती एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीत उतरली. वय ४९. सुवर्ण जिंकलेली क्रिस्टिन आर्मस्ट्राँग झानीच्या पहिल्या ऑलिंपिकच्या वेळी अकरा वर्षांचीही नव्हती. झानी चौथी आली, कांस्यपदक हुकलं ते जेमतेम दोन सेकंदांनी. छत्तीस मिनिटांच्या शर्यतीत दोन सेकंद म्हणजे वीस-बावीस मीटर, आपल्या दारापासून त्या कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत.

आणि त्यानंतर ती घरी बसली का? छे! २०११ साली, बावन्नाव्या वर्षी, ती पुन्हा फ्रान्सची विजेती झाली. तिचं एकोणसाठावं राष्ट्रीय विजेतेपद.