करार, कौल आणि ख्रिस्ती शास्त्राचे वाचन

मराठी बायबल हाती घेणाऱ्यास सर्वांआधी जो शब्द भेटतो, तो 'करार' होय. जुना करार आणि नवा करार ही नावे आपल्या कानांस इतकी सरावली आहेत की, धर्मग्रंथाच्या दोन भागांना दस्तऐवजाचे नाव का मिळाले असावे, हा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. बीदर जिल्ह्यातील अध्यापकापुढे मात्र तो आपोआप उभा राहतो. तोच ग्रंथ कन्नड वाचकाच्या हाती 'ओडंबडिके' म्हणून येतो, उर्दूत तो 'अहदनामा' होतो आणि तेलुगूत 'निबंधन'. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूस या भाषा एकमेकींच्या अंगणात वावरतात. ओडंबडिके म्हणजे परस्परांची संमती. अहद म्हणजे गंभीर वचन. निबंधनात बंधनाचा व अटीचा भाव प्रबळ. आपला करार मूळचा अरबी. दरबार, कचेरी, सावकारी असा प्रवास करीत तो आला, आणि त्याच्या अंगाला मुद्रांकाच्या कागदाचा वास अजून आहे.

मूळ हिब्रू शब्द 'बरीथ'. हिब्रूत बरीथ 'करीत' नाहीत, 'कापतात', आणि या विचित्र वाक्प्रचाराचे मर्म उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. अब्राहाम पशू दुभागून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. वचन मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी होवो, असा अशा विधीचा अर्थ. म्हणून दोन्ही पक्षांनी त्या भागांमधून चालत जावयाचे. पण येथे सूर्यास्ताच्या वेळी अब्राहामास गाढ निद्रा लागते, आणि मधून जाते ती केवळ धुमसती भट्टी व पेटती मशाल, म्हणजे ईश्वराच्या सान्निध्याचे चिन्ह. एक पक्ष झोपला असता पार पडलेला हा करार आहे!

अलेक्झांड्रियातील ज्यू पंडितांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले. तेव्हा त्यांच्यापुढे दोन शब्द होते. 'सुन्थेके' म्हणजे बरोबरीच्या दोघांनी केलेला तह. 'दिआथेके' म्हणजे एकाने केलेली व्यवस्था, मृत्युपत्रसुद्धा. त्यांनी दुसरा निवडला. इब्रीकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात याच द्व्यर्थावर युक्तिवाद उभा आहे, आणि तेथे करार या एका शब्दावर भागत नाही, मृत्युपत्राचा अर्थ आणावाच लागतो. लॅटिनमध्ये 'टेस्टामेंटुम' रूढ झाला. इरॅस्मसने १५१६ मध्ये आपल्या ग्रीक-लॅटिन आवृत्तीस 'इन्स्त्रुमेंतुम', म्हणजे दस्तऐवज, असे नाव देऊन पाहिले. १५१९ च्या आवृत्तीत तो पूर्वीच्याच शब्दाकडे वळला.

ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुन्या शास्त्राचा देव निराळा ठरवून तो भाग टाकून दिला. त्याच शतकात इरेनियसने एकच ईश्वर निरनिराळ्या करारांनी मानवजातीस पुढे नेतो, अशी मांडणी केली. जिनीव्हाच्या कॅल्व्हिनने व झुरिकच्या बुलिंगरने हा धागा पुन्हा हाती घेतला. बुलिंगरने १५३४ मध्ये ईश्वराच्या एकाच व सनातन करारावर स्वतंत्र निबंध लिहिला. कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत दुसऱ्या खंडाचे दहावे व अकरावे प्रकरण या विषयास दिले. त्याचे म्हणणे असे की, दोन्ही करारांचे सत्त्व एक, व्यवस्था तेवढी भिन्न. या परंपरेस रिफॉर्म्ड म्हणतात. प्राचीन आचार्यांना, विशेषतः ऑगस्टीनला, ती फार मानते. परंतु साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे. निवाडा शास्त्रवचनाचा, आणि अस्पष्ट वचनाचा अर्थ स्पष्ट वचनावरून लावावयाचा. मीमांसेशी परिचय असणाऱ्या वाचकास ही शिस्त परकी वाटू नये.

या पद्धतीस मोह नाही असे मात्र नाही. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने आदामाशीही एक 'कर्माचा करार' कल्पिला. उत्पत्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत बरीथ हा शब्दच नाही. तो प्रथम नोहाच्या कथेत येतो. उत्तरकालीन चौकट प्राचीन ग्रंथावर बसविली की ग्रंथ आखूड वाटू लागतो, आणि हे मला मान्य होत नाही. पण त्याच कबुलीजबाबाच्या सातव्या प्रकरणात ईश्वर व सृष्ट जीव यांतील अंतर इतके मोठे की ईश्वराने स्वेच्छेने खाली उतरल्याशिवाय संबंधच संभवत नाही, असे जे म्हटले आहे, ते त्या झोपलेल्या अब्राहामाच्या कथेचे नेमके भाष्य आहे.

मराठी भाषांतराच्या इतिहासात या परंपरेचा वाटा मोठा. विल्यम केरीचा मराठी नवा करार सेरामपूरहून १८११ मध्ये निघाला. १८१३ पासून मुंबईत असलेले अमेरिकन मराठी मिशन आणि पुढे आलेले स्कॉटिश मिशनरी कॅल्व्हिनच्या वारशातीलच. पुढे संपूर्ण बायबलही मराठीत आले. असे असता रूढ झालेला शब्द घासाघिशीचा भाव सुचवितो, हे थोडे नवलाचेच. दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत याहून जवळचा शब्द होता : कौल. ओसाड गाव वसविण्यासाठी राज्यकर्ता रयतेस कौल देई. अभय त्याचे, अटी त्याच्या. रयतेने विश्वासून यावयाचे व नांगर धरावयाचा. दिआथेकेचा भाव यात पुष्कळसा उतरतो. आज कौल म्हटले की देवाचा प्रसाद, मतदारांचा निर्णय किंवा घरावरचे छप्पर आठवते, म्हणून तो आता चालणार नाही. वर्गात समजावून देण्यास मात्र उत्तम आहे.

पौलाच्या पत्रांतील 'नीतिमान ठरविणे' या संज्ञेसाठी तर बीदरलाच दृष्टांत आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटविली, आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी रक्कम भरून पावती घेतली, ही कथा कोणास ठाऊक नाही? फेड दुसऱ्याने केली, पावती दामाजींच्या नावावर झाली. रिफॉर्म्ड आचार्य 'ठरविणे' यावर जो भर देतात तो हाच : येथे प्रथम हिशेब बदलतो, स्वभाव नंतर. साम्य येथवरच. दामाजींचे ऋण दयेपोटी झाले होते. पौलाचा ऋणको अपराधी आहे. हा भेद न सांगता दृष्टांत दिला तर दोन्ही कथांवर अन्याय होतो.

बीदर-कलबुर्गी भागातील प्रॉटेस्टंट मंडळी मुख्यतः मेथडिस्ट, आणि ईश्वरी निवडीच्या प्रश्नावर जॉन वेस्लीचे कॅल्व्हिनमताशी पटत नव्हते. तरीही १७५५ मध्ये त्याने लंडनला करार-नूतनीकरणाची जी उपासना चालविली, तिचे शब्द त्याने रिचर्ड ॲलीन या प्युरिटन लेखकाकडून घेतले होते. वर्षारंभी ती करण्याची प्रथा मेथडिस्ट परंपरेत आजही आहे.