आत या... पण कुठवर?

दाराशी संबंधित मराठी शब्द जरा मोजून बघा. दार, दरवाजा, फाटक, वेस, दिंडी, देवडी, उंबरठा, ओसरी, पडवी... गेट, पोर्च आणि लॉबी तर अजून धरलेच नाहीत! आत जायला एक वाट पुरते, मग एवढे शब्द कशाला? कारण नुसतं आत जाणं महत्त्वाचं नव्हतं. कोणी कुठवर यायचं, हेही ठरवायचं होतं.

सुरुवात साध्या 'दारा'पासून करू. हा शब्द संस्कृत 'द्वार'वरून आला. 'दरवाजा' फारसीतून आला, पण त्यातला 'दर' आणि आपलं 'दार' हे लांबचे भाऊच. इंग्रजी 'डोअर'सुद्धा त्याच कुळातला. आणि 'दरबार'? त्यातल्या 'दर'चा अर्थही दारच. म्हणजे राजाला भेटायची गोष्टसुद्धा दारापासूनच सुरू होते.

किल्ल्याचा किंवा वाड्याचा मोठा दरवाजा रोज सताड उघडत नसत. त्याच्या फळीतच एक छोटं दार असायचं, तो दिंडी दरवाजा. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून आत जाणार. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात अशी दिंडी आजही बघता येते. आत शिरल्यावर बाजूला पहारेकऱ्यांच्या खोल्या, त्या देवड्या.

घराचा पहारेकरी म्हणजे उंबरठा. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे उंबराचं झाड, पण त्याच शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाही आहे. पाहुण्याला उंबरठ्याआधी थांबवायचं तर ओसरी होतीच. पण तिथेही तो फार ऐसपैस बसायला नको, म्हणून म्हणही तयार : भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!

सगळे शब्द असे अडवणारे नाहीत हं. 'व्हरांडा' हा पोर्तुगीज वळणाचा शब्द इंग्रजांनी भारतात ऐकला आणि आपल्या भाषेत नेला. गोव्यातल्या जुन्या घरांना दारापुढे बाल्कांव असतो. तिथे बसायला बाकं असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायची ती हक्काची जागा.

काहींच्या वाट्याला मात्र फक्त बाहेरची बाजू आली. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखामेळ्यांची समाधी. ज्या विठ्ठलासाठी त्यांनी अभंग रचले, त्याच्या मंदिरात जायची त्यांना मुभा नव्हती. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं आणि आपण अजून एका दारावर अडलो होतो.

आता टॉवरमध्ये ओसरी नाही, देवडी नाही. त्यांच्या जागी गेट, लॉबी, सेफ्टी डोअर आले. 'लॉबी'चं मूळ मध्ययुगीन लॅटिनमधलं. मठातली छप्पर असलेली येण्या-जाण्याची वाट, असा तिचा जुना अर्थ. आज अनेक सोसायट्यांत त्याच लॉबीत पाटी दिसते : 'डिलिव्हरी आणि घरकामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' आपला गरमागरम पिझ्झा आणणाऱ्याला मेन लिफ्ट चालत नाही, पिझ्झा मात्र चालतो.

'सर्व्हिस लिफ्ट' हा शब्द अजून कुठल्या मराठी म्हणीत शिरलेला नाही. तो तिथवर पोचायच्या आत आपल्या सोसायटीतली ती पाटी काढता येईल का? पुढच्या मीटिंगमध्ये विचारून तर बघा.