मुंबई ते लंडन : सूर्यास्त कोणत्या गावचा धरावा?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना तासभर कमी. कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. नवी मुंबईच्या कुटुंबाने त्यात सहार विमानतळापर्यंतचा रस्ता आणि तीन तास आधीची हजेरी मिळवावी. एवढा हिशेब सगळेच करतात. परंतु चातुर्मासापूर्वी मुलांकडे जाऊन यावे म्हणून निघालेल्या, चौविहार पाळणाऱ्या आई-वडिलांसाठी खरा प्रश्न किलोमीटरचा नसून सूर्याचा आहे.

पृथ्वी मुंबईच्या अक्षांशावर ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने फिरते, लंडनच्या अक्षांशावर सुमारे 1,040. विमान ताशी 850 ते 900 किलोमीटर वेगाने पश्चिमेला जाते, म्हणजे जणू सूर्याच्या मागेच धावते. जूनमध्ये दुपारी दीडला निघालेले विमान लंडनला तेथील सायंकाळी सातच्या सुमारास उतरते. त्या वेळी मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, पण लंडनचा सूर्यास्त सव्वानऊनंतरचा! प्रवाशाचा तो दिवस जवळजवळ वीस तासांचा होतो. डिसेंबरमध्ये मात्र लंडनला पावणेचारच्या पुढे-मागेच सूर्य मावळतो. तेव्हा सूर्यास्त विमानातच गाठतो.

उपवासाचे गणित तर अधिक कठीण. डिसेंबरमध्ये मुंबईच्या सूर्योदयापासून लंडनच्या दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत तीस तास उलटतात. नवकारशीची 48 मिनिटे त्यापुढे. पंचांगात उपवास एकच! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी याची वाच्यता डॉक्टरांकडे तिकीट काढण्यापूर्वीच करावी, विमानात बसल्यावर नव्हे.

बँकेत व्यवहाराची तारीख आणि व्याज ज्या दिवसापासून धरायचे ती तारीख पुष्कळदा वेगळी असते. ती आधीच ठरली असेल तर वाद होत नाही. पच्चक्खाण मुंबईच्या सूर्यास्ताने पाळायचे की खिडकीतून दिसणाऱ्या सूर्याने, हेही निघण्यापूर्वी आपल्या परंपरेतील महाराजसाहेबांना विचारून ठरवावे. माझ्या मते वृद्धांनी मुंबईचा सूर्यास्त धरून त्याआधीच जेवून घ्यावे. दुपारच्या विमानात ते सहज जमते. रात्री उशिराची विमाने स्वस्त मिळाली तरी त्यांत भोजन अवेळी येते, आणि मग ज्येष्ठ मंडळी संकोचाने उपाशी राहतात.

भोजनाची नोंद तिकिटाबरोबरच करावी. किमान 24 तास आधी, काही कंपन्यांकडे 48. जैन भोजनाचा संकेत ‘व्हीजेएमएल’ आहे. ‘हिंदू भोजन’ असा पर्याय दिसला म्हणून तो निवडू नये; त्यात मांसाहारही येऊ शकतो. साध्या शाकाहारी ताटात कांदा-बटाटा असतोच. घरचे खाखरे जवळ असू द्यावेत.

परतीच्या प्रवासात उलटे घडते. जूनमध्ये लंडनहून रात्री नऊला निघाल्यास रात्र जेमतेम चार-पाच तासांची मिळते, आणि सामायिक-प्रतिक्रमणाची वेळ जागेवर बसूनच साधावी लागते.