फिका चट्टा

कुष्ठरोगाची तपासणी ट्यूबलाइटखाली करायची नसते. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातल्या एका गावात आरोग्यसेवकाने म्हाताऱ्या बाबांना घरातून अंगणात आणलं, सदरा काढायला लावला आणि ऊन अंगावर तिरकं पडेल असं बसवलं. कडेने उजेड आला की फिका डाग उठून दिसतो. बाबांच्या डाव्या दंडावर तो होता: रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका, पण पांढरा नाही. खाज नाही, आग नाही, म्हणून कुणी लक्षही दिलं नव्हतं.

अंगावरच्या प्रत्येक फिक्या डागामागे एकच कारण नसतं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच असतात; फरक पडतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात त्याने. त्यात जनुकांचा मोठा वाटा. एसएलसी२४ए५ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने त्वचा उजळ होते, हे 2005 साली झेब्राफिशवरच्या संशोधनातून पुढे आलं. हाच बदल भारतीयांत कसा पसरला आहे याचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला; त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ होते. डागाची गोष्ट मात्र वेगळी. कोडात रंगपेशीच नष्ट होतात, म्हणून चट्टा दुधासारखा पांढरा. शिब्यात बुरशीतून निघणारी द्रव्यं मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतात, वरून बारीक कोंडा सुटतो. कुष्ठरोगात मेलॅनिन कमी होतं, आणि त्याच जागी जंतू कातडीतल्या नसांत शिरलेला असतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

सेवकाने कापसाचं टोक पिळून दोऱ्यासारखं बारीक केलं. आधी चांगल्या कातडीवर टेकवून बाबांना रीत समजावली: जिथे कळेल तिथे बोट ठेवायचं. मग गावच्या आशा सेविका तेलुगूत म्हणाल्या, "कळ्ळु मूसुको, ताता." डोळे मिटा, आजोबा. सिरोंच्यात मराठीबरोबर तेलुगूही चालते, आतल्या गावांत माडिया. ज्याच्या त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय ही चाचणी खरी होत नाही. मनगटावर कापूस लागला, बोट बरोबर गेलं. कोपराजवळ लागला, पुन्हा बरोबर. चट्ट्याच्या मधोमध टेकवला, तर हात हललाच नाही. पुन्हा टेकवला. "अजून लावला नाही का?" बाबांनी विचारलं.

त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूची नस दोन्ही हातांना चाचपून झाली. ती जाड किंवा दुखरी लागली तर पुढे बोटं वाकडी होण्याचा धोका असतो. नस एकदा मेली की गोळ्यांनी परत येत नाही. सगळी घाई त्यासाठीच.

1873 मध्ये हॅन्सनने हा जंतू पाहिला, पण तो आजही प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढत नाही. दोनाचे चार व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणूनच रोग वर्षानुवर्षं गप्प राहतो. औषध मात्र पक्कं आहे. डाग पाचपर्यंत असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. त्यातल्या क्लोफाझिमीनने अंग तांबूस-काळं पडतं आणि लोक घाबरून गोळ्या सोडतात. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

कातडी तपासताना तळपायही बघायलाच हवेत, पण वेगळ्या कारणासाठी. रंगपेशींचा कर्करोग, म्हणजे मेलानोमा, आपल्याकडे दुर्मीळ. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली, जिथे ऊन पोचतही नाही. शेतात अनवाणी राबणाऱ्याला तो काट्याचा जुना डाग वाटतो. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं वरोऱ्याचं आनंदवन 1949 पासून आणि आदिवासींत काम करणारा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 पासून याच भागात उभे आहेत, तरी महारोगाची जुनी भीती गावातून पुरती गेलेली नाही. डाग लपवला जातो तो त्या भीतीनेच. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर फिका चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर मलमं लावत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि पूर्ण औषध तिथे मोफत मिळतं.