मोटारीच्या इंजिनातील तेलाची पातळी : डिपस्टिक व संवेदक

भाजीपाला, दूध व फळे वेळेवर बाजारात पोहोचविण्याचे काम आता बहुतांशी पिक-अप, जीप व लहान मोटारी करतात. अशा वाहनाच्या इंजिनाचे काम निघाले म्हणजे ऐन हंगामात खर्च व खोळंबा ही दोन्ही सोसावी लागतात. इंजिनात तेल कमी पडून बिघाड होतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा एक गैरसमज असतो. समोरच्या फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला नाही, म्हणजे इंजिनात तेल पुरेसे आहे, असा तो गैरसमज होय.

हा तांबडा दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही. तो तेलाचा दाब दाखवितो. इंजिनाच्या तळाशी जी तेलाची टाकी असते, व जिला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तिच्यातून पंप तेल ओढतो व ते बेअरिंगांकडे ढकलतो. पंपाच्या नळीचे तोंड जोवर तेलात बुडालेले आहे, तोवर तेल निम्मे उरले असले तरी दाब जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. पातळी आणखी उतरली म्हणजे नळी तेलाबरोबर हवा ओढू लागते. मग घाटातील वळणावर किंवा जोराने ब्रेक दाबताच तेल एका बाजूस सरते व दिवा क्षणभर लुकलुकतो. पुष्कळ वाहनांत हा दिवा पेटतो तो दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी झाल्यावरच. त्या वेळी बेअरिंगांना तेलाचा आधार सुटू लागलेला असतो. सबब तांबडा दिवा दिसताच वाहन सुरक्षित जागी थांबवून इंजिन तत्काळ बंद करावे. ‘गाव जवळच आहे’ म्हणून पुढे नेणे फार महाग पडते.

पातळी दाखविणारे साधन निराळे असते. त्यास संवेदक किंवा नेहमीच्या बोलण्यात सेन्सर म्हणतात. तो चेंबरमध्ये बसविलेला असतो व त्याची सूचना बहुधा पिवळ्या दिव्याने किंवा पडद्यावरील मजकुराने मिळते. काही मोटारींत एक लहान तरंगता गोळा असतो. तेल उतरले की त्यातील लोहचुंबक खाली येऊन विजेचा स्विच चालवितो. दुसऱ्या प्रकारात एका बारीक तारेला विजेने क्षणभर तापवितात. तारेचा जो भाग तेलात असेल तो लवकर निवतो, व त्यावरून पातळी समजते. नव्या मोटारींत ध्वनिलहरींचा उपयोग केलेला आढळतो. मनुष्यास ऐकू न येणारा ध्वनी तळातून वर सोडला जातो व तेलाच्या पृष्ठभागावर आपटून तो किती वेळात परत येतो, हे मोजले जाते.

ही योजना निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. आठवडेच्या आठवडे बॉनेट न उघडणाऱ्या चालकास ती वेळीच सावध करते. तथापि चालत्या इंजिनात तेल सर्वत्र उडालेले असते व रस्त्याच्या चढउतारामुळे हिंदकळत असते. म्हणून पुष्कळ यंत्रणा काही काळाची सरासरी घेऊनच आकडा दाखवितात. जोडणीत पाणी शिरले, वायर उंदराने कुरतडली किंवा तळाशी काळा गाळ साचला, तर खोटी सूचना मिळू शकते. साध्या संवेदकाने तेल किती आहे हे कळते, पण कसे आहे हे कळत नाही.

तेल कसे आहे याची पहिली पाहणी डिपस्टिकने होते. वाहन सपाट जागी उभे करावे, इंजिन बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे व तेल खाली उतरू द्यावे. काही इंजिनांची पातळी थंड असताना, तर काहींची गरम असताना पाहावयाची असते. याबाबत वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी. पट्टी काढून पुसावी, पूर्णपणे आत बसवावी व पुन्हा काढून पाहावी. प्रथम काढलेल्या पट्टीवर विसंबू नये, कारण तीवर उडालेले तेल लागलेले असते. दोन बाजूंस निरनिराळी खूण दिसल्यास खालची खरी मानावी. पुष्कळ मोटारींत वरच्या व खालच्या खुणेमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते, लहान इंजिनांत त्याहून कमी. म्हणून तेल थोडे थोडे ओतून पुन्हा पाहावे. वरच्या खुणेच्या फार वर गेलेले तेल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन त्यास फेस येतो, आणि फेसाळ तेल बेअरिंगांना नीट सांभाळीत नाही.

डिझेल इंजिनाचे तेल काळे दिसते म्हणून ते टाकून देण्याची घाई करू नये. काजळी धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच होय. खरी चिंता दुधासारख्या पांढुरक्या तेलाची करावी. त्यात बहुधा पाणी मिसळलेले असते. न ओतता पातळी वाढलेली दिसली तरीही सावध व्हावे. दिनांक १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे मानक लागू झाल्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठी पुष्कळ इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते. वाहन रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ही सफाई अर्धवट राहते व काही डिझेल तेलात उतरते. तेल पातळ होते, त्यास डिझेलचा वास येतो, आणि पट्टीवर मात्र ते भरपूर दिसते. केवळ कमी तेलाची सूचना देणारा संवेदक अशा वेळी गप्प राहतो.

काही मोटारींना, विशेषतः बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या २००४ नंतरच्या कित्येक मोटारींना, डिपस्टिक दिलेलीच नाही. अशी मोटार चालविणाऱ्याने पुस्तिकेप्रमाणे इंजिन गरम करून सपाट जागी पडद्यावरील मोजणी पूर्ण होऊ द्यावी. तेल ओतल्यावर आकडा लगेच बदलला नाही म्हणून आणखी ओतू नये.

ट्रॅक्टरवर बहुधा डिपस्टिक आणि दाबाचा दिवा किंवा काटा एवढेच असते. पातळीचा संवेदक क्वचितच आढळतो. म्हणून कामाच्या दिवसांत रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पातळी पाहणे अवश्य होय. नांगरटीच्या धुळीत पट्टीच्या नळीचे तोंड आधी स्वच्छ करावे, नाहीतर पट्टीबरोबर माती आत जाते. पुसण्यासाठी दोरे सुटणारी चिंधी घेऊ नये. ते दोरे पंपाच्या जाळीत अडकतात. किती तास काम झाले व किती तेल ओतले, हे एका वहीत तारीखवार टिपावे. खप एकाएकी वाढलेला दिसल्यास प्रथम इंजिनाखालची जमीन पाहावी. ती कोरडी असेल आणि धुराड्यातून निळसर धूर येत असेल, तर तेल आत जळत आहे असे समजून मेकॅनिककडून पिस्टनच्या रिंगा व व्हॉल्व्ह तपासून घ्यावेत.