घरच्या घरी मक्याच्या लाह्या

मुलांनो, पावसाळ्यात हातगाडीवर भाजलेले मक्याचे कणीस तुम्ही नक्कीच खाल्ले असेल. उर्दूत आपण ज्याला भुट्टा म्हणतो, तेच हे कणीस. निखाऱ्यांवर भाजताना त्यातला एखादा दाणा मधूनच 'फट्' करून फुटतो. पण त्याची पांढरीशुभ्र लाही काही होत नाही. मग जत्रेत, उरुसात पुड्या भरून विकतात त्या लाह्या कशाच्या असतात?

त्याही मक्याच्याच असतात. पण तो मका वेगळ्या जातीचा असतो. त्याचे दाणे लहान, कठीण आणि चकचकीत असतात. दुकानात 'पॉपकॉर्नचा मका' म्हणून मागितले की हेच दाणे मिळतात. पॉपकॉर्न हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. तरी मराठीतला 'लाही' हा शब्द किती सुरेख आहे! कडक उन्हात 'अंगाची लाहीलाही झाली' असे म्हणतात. हे शब्द ऐकले की भट्टीत तडतडणारे दाणे डोळ्यांसमोर उभे राहतात.

आता हा दाणा फुटतो कसा, ते पाहू. वरून तो अगदी कोरडा दिसतो. पण त्याच्या वजनाच्या शंभर भागांपैकी सुमारे चौदा भाग पाणी असते. हे पाणी आतल्या पिष्टात मुरलेले असते, आणि बाहेर असते घट्ट, न गळणारे टरफल. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आतला दाब वाढत जातो. तुमच्या घरचा कुकर आठवा. कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो आणि शिट्टी वाजते. मक्याच्या एवढ्याशा दाण्यात हा दाब जवळजवळ नऊपट होतो! दाण्याला मात्र शिट्टी नाही. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोचले की टरफल फाटते, वाफ उसळून बाहेर पडते आणि खिरीसारखे मऊ झालेले पिष्ट फेसासारखे फुलते. ते लगेच थंड होऊन कडक होते. झाली लाही!

२०१५ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी फुटणाऱ्या दाण्याचे अतिशय वेगवान चित्रण केले. फुटताना दाण्यातून आधी पिष्टाचा एक पाय बाहेर येतो, त्या पायावर जोर देऊन लाही उडी मारते, असे त्यांना दिसले. 'फट्' हा आवाज टरफल तुटण्याचा नसून आत कोंडलेली वाफ सुटण्याचा असतो, हेही त्यांनी दाखवले.

यातून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. लाही फुलवायचे काम दाण्यातले पाणी करते, तेल करत नाही. दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता मिळाली की झाले. भडभुंज्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. तो कढईत वाळू तापवतो आणि तिच्यात दाणे घोळवतो. तेलाचा एक थेंबही लागत नाही.

हल्ली काही घरांत एअर फ्रायर नावाचे विजेचे यंत्र आले आहे. त्यात वाळूचे काम गरम हवा करते. वरच्या बाजूला तापणारी तार असते आणि पंखा तिची उष्णता पदार्थाभोवती खेळवतो. त्यात लाह्या करता येतात. पण एक धोका आहे. फुललेली लाही फार हलकी असते. पंख्याच्या वाऱ्याने ती उडून तापलेल्या तारेला चिकटली, तर जळते. म्हणून आधी यंत्राबरोबरची पुस्तिका वाचा. तिच्यात लाह्या करू नका असे लिहिले असेल, तर करू नका. मनाई नसेल, तर घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. यंत्र २०० अंशांवर चार-पाच मिनिटे तापवा. आत नीट बसेल अशा धातूच्या खोलगट डब्यात दोनच चमचे दाणे ठेवा. सुटा कागद आत घालू नका. सात-आठ मिनिटांत तडतड थांबू लागते. तोवर तेथून हलायचे नाही.

यंत्र नसेल तर काही बिघडत नाही. खरे सांगायचे तर मला जाड बुडाचे पातेलेच अधिक आवडते. त्यात एक चहाचा चमचा तेल आणि तीन दाणे टाका. ते तिन्ही फुटले की पातेले तापले असे समजा. मग तळ झाकेल इतकेच दाणे घाला, झाकण किंचित तिरपे ठेवा आणि पातेले अधूनमधून हलवा. झाकण घट्ट लावले तर वाफ आतच राहते आणि लाह्या चिवट होतात. दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ लागले की गॅस बंद करा. झाकण आपल्या तोंडापासून दूर, पलीकडे उघडा. वाफेने चटकन भाजते.

लाही म्हणजे अख्खे धान्य. कोंडाही तिच्यातच राहतो. १०० ग्रॅम साध्या लाह्यांत १४ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि तंतूंमुळे पोट साफ राहते. इफ्तारला समोसे, भजी तर असतातच. त्यांच्या शेजारी लाह्यांची एक परात ठेवून पाहा. मात्र त्यांच्यावर लोणी ओतले आणि मूठभर मीठ टाकले, तर त्याही तळलेल्या पदार्थांच्या रांगेत जाऊन बसतात. दिवसभराच्या सगळ्या जेवणाचे मिळून मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. चिमूटभर मीठ, थोडी हळद, मिरपूड एवढे पुरते. घरातल्या चार वर्षांखालील भावंडांना मात्र लाह्या देऊ नका. त्या घशात अडकतात.

एका उन्हाळ्यात माझ्याकडून दाण्यांची बरणी उघडीच राहिली. महिन्याभराने लाह्या करायला घेतल्या, तर निम्मे दाणे तसेच तळाशी राहिले. दुकानदाराने जुना माल दिला, असे मला वाटले. दोष माझाच होता. दाण्यांतले पाणी उडून गेले होते. बरणीत चमचाभर पाणी टाकून, झाकण लावून ती हलवून ठेवली. तीन दिवसांनी त्याच दाण्यांच्या छान लाह्या झाल्या.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. पन्नास-पन्नास दाण्यांच्या तीन पुड्या करा. एका पुडीतले दाणे तसेच ठेवा, दुसरीतले आठवडाभर कडक उन्हात वाळवा आणि तिसरीतल्या प्रत्येक दाण्याच्या टरफलाला सुईने भोक पाडा. प्रत्येक पुडीच्या लाह्या वेगळ्या करून मोजा आणि आकडे वहीत लिहा. तिसऱ्या पुडीतले बरेच दाणे फुलणारच नाहीत. त्यांच्यातली वाफ भोकातून आधीच निसटून गेलेली असेल.