समुद्रातलं तेल आणि आपल्या ताटातली सुकट

बीडपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी सुकट-बोंबील आपल्या वस्तीतल्या चुलीवर शिजतातच, आणि ते येतात किनाऱ्यावरून. घरातली पोरंही कामाला मुंबई, पनवेल, उरणकडे जातात. म्हणून समुद्रात तेल सांडल्याची बातमी आपलीही आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडलं. २७ जुलै २००५ रोजी एका जखमी आचाऱ्याला पोहोचवायला आलेलं जहाज उसळत्या समुद्रात तिथल्या प्लॅटफॉर्मवर आदळलं. पाइप फुटला, आग भडकली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली.

तिथला समुद्र शंभर मीटरही खोल नाही. खोल समुद्रात असं घडलं तर काय होतं, हे २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात दिसलं. ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट होऊन ११ कामगार गेले. विहिरीचं तोंड दीड किलोमीटर पाण्याखाली होतं. तिथे माणूस उतरू शकत नाही, सगळं काम यंत्रांकडून करावं लागतं. गळती थांबायला ८७ दिवस लागले. सरकारी अंदाजाने ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडलं. काही तरंगलं, काही पाण्यात मिसळलं, काही तळाशी बसलं.

त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा’ या जहाजांची टक्कर झाली. हे तेल विहिरीतलं नव्हतं, जहाजाचं इंधन होतं. तरी तिवरांची झाडं काळी पडली, मासळीचा बाजार बसला. तिवराची मुळं हवा घेतात. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं, आणि मासळीची पिल्लं वाढण्याची जागाच जाते.

शरीराला काय होतं?

ताज्या कच्च्या तेलातून बेन्झीनसारख्या वाफा निघतात. त्याने डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळ होते, डोळे चुरचुरतात. बेन्झीन खूप काळ अंगात जात राहिलं तर रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. तेल कातडीला लागलं की खाज, पुरळ, फोड येतात. मासे यातली बरीच विषारी द्रव्यं पचवून बाहेर टाकतात. शिंपल्या-कालवांना ते नीट जमत नाही, म्हणून त्यांत विष जास्त दिवस राहतं.

किनारा साफ करायला रोजंदारीची माणसं लागतात. असलं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

एवढं लक्षात ठेवा

– तेल काढण्याचं काम आलं तर हातमोजे, गमबूट, वाफा अडवणारा मास्क आधी मागा. साधा रुमाल वाफा अडवत नाही.
– अंगाला लागलेलं तेल साबण-पाण्याने धुवा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका.
– गरोदर बाई, लहान मूल आणि दमेकरी यांनी त्या जागी जाऊच नये.
– धाप लागली, चक्कर थांबेना, तर सरकारी दवाखान्यात जा आणि तेलाचं काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.
– सुकटीला रॉकेलसारखा वास आला तर घेऊ नका. धुऊन, भाजून ते विष जात नाही.

मजुरी एका दिवसाची असते, दुखणं मात्र वर्षानुवर्षं घरात राहतं. मास्क, हातमोजे मागायला लाजू नका. तो कामगाराचा हक्क आहे.